पुराव्यादाखल

सन्मती खुर्चीत बसलाय, बहिणीचा धाकटा,
शाळेचा टाय लावून अमेरिकन साहेब झालाय.
नाव?
सुप्रभा धनपाल मगदूम.
आधीचं?
आधीची दोन आहेत, बाळा.
एकाला शाळेचा दाखला जोडलाय,
एकाला मृत्यूचा.

नवरा काय करतो?
ओतकाम. नऊ वर्षं उद्यमनगरात,
चौदा मिशिगनात.
लोखंड तेच, तसंच लालभडक वाहतं,
चटका बसला तर शिवी तेवढी मराठीत.

कुठं भेटलात?
ह्याचं उत्तर फोनवर तीनदा ठरलंय.
तो म्हणतो, बहिणीच्या घरी, बघायच्या कार्यक्रमात.
ते खोटं नाही. पोहे झाले होते.
पण त्याच्या तीन वर्षं आधी
कसबा बावड्याला, कोर्टासमोर, माझ्या टायपिंगच्या टेबलाशी
हा सुट्टी काढून आलेला, घटस्फोटाचा अर्ज घेऊन.
‘पत्नीपासून विभक्त’ लिहायचं होतं,
माझ्या हातून ‘विभक्ती’ पडलं.
खोडायला गेलो तर म्हणाला,
राहू दे बाई, व्याकरणात तरी बसतंय.

हे साहेबाला कसं सांगू?
विभक्तीला इंग्रजीत काय म्हणतात
ते सन्मतीलाही माहीत नाही.

पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो?
पोरगं लाजलं, कागदात तोंड घातलं.
एकूण सत्तावीस रात्री, साहेब.
त्यातल्या अकरा गच्चीवर, लाइट गेलेली.
गच्चीला बाजू नसते.

वकीलबाई म्हणतात, फोटो कमी पडतात,
एकत्र हसताना पाहिजेत.
आता रजिस्ट्रारच्या हापिसात, दुसऱ्यांदा,
चाळिशी उलटल्यावर,
माणूस दात दाखवून हसतो होय?
मग मी पावत्या लावल्या.
जयसिंगपूरच्या भडंगाची नऊ पार्सलं,
प्रत्येकावर कुरियरवाल्यानं लिहिलंय:
व्यापारी किंमत नाही.

अजून एक घोर आहे.
तिथली दुभाषी पुण्याची निघाली तर?
मी येतो, मी जातो, मी राहतो,
जन्मभर असंच बोलत आलो,
आई असंच बोलायची, गल्ली असंच बोलते.
ती लिहील, अर्जदार पुरुष दिसतो.
धनपाल आधी हसला, मग गप्प झाला.
म्हणाला, तेवढ्यापुरतं ‘येते’ म्हण.
भांडी घासताना सराव करतो:
येते. जाते. राहते.
कायमची राहते.
जिभेवर कुणी पाहुणी येऊन बसल्यागत वाटतं,
तिला पाणी विचारावं का, कळत नाही.

सन्मतीनं फोनच्या बिलाची चळत उचलली.
आता त्याला साहेबी जमायला लागलीय.
पहाटे तीन. चार मिनिटं.
पहाटे तीन. चार मिनिटं.
अख्खा डिसेंबर, अख्खा जानेवारी.
एवढ्या रात्री चार मिनिटांत काय बोलता?

तिकडं थंडीत सूर्य पाचला बुडतो.
ह्याची पाळी सुटते सहाला.
दिवस मावळल्यावर हा तोंडात काही घालत नाही,
त्याच्या आईनं लावलेलं, सुटलेलं नाही.
म्हणून साडेचारला, दहा मिनिटांच्या सुट्टीत,
गाडीत बसून डबा उघडतो,
काचेवरचा बर्फ हातानं पुसतो
आणि मला फोन लावून सांगतो, उजेड आहे अजून.
मग जेवतो.
मी ऐकतो.

सन्मतीनं टाय सैल केला.
मावशी, हे लई लांब होतंय,
थोडक्यात सांग.
थोडक्यात म्हणजे कसं, ते नाही सांगितलं.

उद्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस.
फाइल दोनदा मोजली, पिशवीत भरली,
वर शाल, शालीवर दशम्या.
झोपलो नाहीच.
तीनला वाजला.

उजेड आहे, तो म्हणाला.
जेवून घे.
मी येतो.